गारठाबाईचे बत्तीस मोहरे

तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात सगळे तिला गारठाबाईच म्हणत. बर्फाच्या खोलीतून बाहेर आली की आधी कुणाच्या तरी मानेवर मागून दोन बोटं टेकवायची, आणि तो बिचारा हातातला झारा टाकून किंचाळला की मगच पुढच्या कामाला लागायचं, ही तिची रोजची खोड. एक नवा वाढपी तर सूपच्या भांड्यासकट उडाला होता. वयाची साठी जवळ आली तरी ही खोड सुटली नव्हती, आणि सुटावी असं कुणाला वाटतही नव्हतं.

ती त्या हॉटेलात लागली ती एकोणिसाव्या वर्षी, भांडी घासायला. भांडी म्हणजे घरची नव्हेत. एखादा माणूस आत बसून अंघोळ करील अशी पातेली. मोरीच्या बरोबर समोर जाड दाराची बर्फाची खोली होती, आणि त्या दाराशी मुख्य आचारी मेजवानीच्या दिवशी बर्फाच्या लाद्यांतून हंस कोरत बसत. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. बोलायला फटकळ, हाताला मात्र लोण्यासारखे. करवतीने लादीचे कोपरे उडवायचे, मग पटाशी, मग बारीक छिन्नी. दोन तासांत मेजावर ठेवायला हंस तयार. भांडी घासता घासता तिचे डोळे तिकडेच असायचे.

एकदा तिने धीर करून विचारलं, "उस्ताद, चोच सगळ्यात शेवटी का करता?"

"आधी केली तर ती मोडेल म्हणून धाकधूक लागते," ते मान वर न करता म्हणाले. "कोरणारा घाबरला की सगळा हंस घाबरट होतो."

अशी सहा वर्षं गेली. मग उस्तादांच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला. त्यांनी तो बरेच दिवस लपवला. हात खिशात घालायचे, नाहीतर फडक्याखाली. पण एका दुपारी मेजवानीला दीड तास उरला असताना हंसाची मान काटकन मोडली. उस्तादांनी स्वयंपाकघराकडचं दार लोटून घेतलं, उपड्या खोक्यावर बसले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले. जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे. एक लादी अजून शिल्लक होती. मोरीपाशी गारठाबाई उभी होती, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"बघत काय राहिलीस? ये इकडे," उस्ताद म्हणाले.

ती गेली. छिन्नी कशी धरायची ते सहा वर्षं बघून ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. उस्ताद खोक्यावरून सांगत गेले, ती कोरत गेली. झालं ते पाहून उस्तादांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. "हंस काही नाही झाला. बदक झालंय. पण जिवंत बदक आहे. जाऊ दे बाहेर."

मेजवानी आटोपल्यावर व्यवस्थापक स्वतः आत आले. पाहुण्यांनी फार वाखाणणी केली होती म्हणे. "उस्ताद, आजचा हंस काही औरच!" उस्ताद गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? त्यांची अब्रूही झाकली गेली असती, हातही. पण ते सगळ्या स्वयंपाकघरासमोर म्हणाले, "माझा नाही तो. या मोरीवरच्या मुलीचा आहे. माझा हात गेला. उद्यापासून ही मुलगी पुन्हा मोरीवर दिसली, तर मी घरी बसेन."

आभार मानायला हवेत हे तिला कळत होतं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच: "मग भांडी कोण घासणार?" सगळे पोट धरून हसले. उस्तादही हसले. त्या हसण्यात आभार राहिले ते राहिलेच. नंतर ते म्हणायला कधी वेळच जुळून आली नाही. काही गोष्टींचा एकदा क्षण चुकला की पुन्हा काढायला लाज वाटते.

पुढची चौतीस वर्षं तिने बर्फ कोरला. हंस तर किती, त्याची गणती नाही. शिवाय मासे, घोडे, फळांच्या परड्या, एकदा कुणाच्या हौसेखातर आख्खं जहाज. ब्रेडची गाडी घेऊन पहाटे मागच्या दाराशी येणाऱ्या ड्रायव्हरशी तिने लग्न केलं. तो म्हणायचा, "तुझं एक बरंय. केलेल्या चुका संध्याकाळपर्यंत आपोआप पुसल्या जातात. मी एक पाव चुकीच्या दुकानात टाकला तर महिनाभर ऐकावं लागतं." मुलगी झाली, मोठी झाली, नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली. गारठाबाईच्या बोटांची टोकं हळूहळू बधिर झाली. चहाचा कप किती गरम आहे हे आता तिला ओठांनाच कळायचं.

उस्ताद निवृत्त झाले, बायको गेली, आणि ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहू लागले. सोमवार हा गारठाबाईचा सुट्टीचा दिवस. दर सोमवारी ती जायचीच. पण उरलेले सहा दिवस तिला टोचत राहायचे. मग उस्तादांनी स्वतःच कुठल्याशा संस्थेला फोन केला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन बसेल, गप्पा मारील, अशी सोय करणारी ती संस्था. त्यांनी टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक उंच, सडपातळ बाई पाठवल्या. मंगळवार आणि शुक्रवार, चार वर्षं. गारठाबाईची आणि त्यांची गाठ कधी जिन्यात पडली तर पडली. पण सोमवारी गेलं की उस्तादांच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. "ती टपालबाई माझा वजीर खाते आणि वर माझाच चहा पिते! उद्या येऊ दे, बघतो तिला."

मागच्या थंडीत एका शुक्रवारी उस्ताद गेले. टपालबाई समोरच्या खुर्चीत होत्या. गारठाबाई तेव्हा हॉटेलात एका माशाचे खवले कोरत होती.

त्यामुळे वर्षभराने त्याच संस्थेकडून विचारणा आली, की लोकांना आवाहन करणारी एक छोटी फिल्म करायची आहे आणि त्यासाठी बर्फाचं काम हवं आहे, तेव्हा पलीकडच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती "हो" म्हणून बसली.

फिल्म करणारी दिग्दर्शिका तिशीची होती. चष्मा डोक्यावर, बोलणं भरधाव. तिने कागदावर काढलेलं चित्र दाखवलं. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत बर्फाचा म्हातारा, गुडघ्यांवर हात. कॅमेरा दिवसभर समोर. म्हातारा वितळत जातो, शेवटी रिकामी खुर्ची आणि खाली पाणी. मग अक्षरं येतात: 'उशीर होण्याआधी या.' संस्थेतल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता म्हणे. गारठाबाईच्याही आला. "छान आहे," ती म्हणाली, आणि तिला तसं खरंच वाटलं होतं.

बर्फाच्या कारखान्यातून काचेसारख्या पारदर्शक लाद्या आल्या. असा बर्फ जमायला तीन दिवस लागतात. पाणी खालून सतत हलतं ठेवावं लागतं, नाहीतर बुडबुडे अडकून तो दुधी होतो. लाद्या ओल्या करून एकावर एक चिकटवल्या आणि तिने काम सुरू केलं. पहिल्या दिवशी पाठ आणि खांदे. दुसऱ्या दिवशी कोटाची कॉलर, टोपी. तिसऱ्या दिवशी चेहरा. कुणासारखा करायचा असं काही ठरवलं नव्हतं, पण भुवया झाल्या, खालचा ओठ जरा पुढे आला, आणि समोर उस्ताद बसलेले. तिने एक पाऊल मागे घेतलं. मग म्हटलं, असू दे. हात तेवढे राहिलेत.

हातांपाशी मात्र गाडी अडली. छिन्नी टेकवायची आणि उचलायची. उस्तादांचा उजवा हात शेवटची कित्येक वर्षं क्षणभर स्वस्थ राहिला नव्हता. कप उचलताना, मोहरा सरकवताना, दाराची कडी काढताना तो थरथरायचा, पण काही ना काही करत असायचा. आणि इथे तो गुडघ्यावर ठेवून द्यायचा होता. नुसता. वितळायची वाट बघत.

तिने हत्यारं पुसून ठेवली आणि घरी गेली.

"मी त्यांना पाणी व्हायला कसं बसवू?" जेवताना तिने नवऱ्याला विचारलं.

"मग नको बसवूस."

"अहो, सगळं ठरलंय. परवा शूटिंग आहे. माणसं येणारेत, दिवे येणारेत."

नवरा ब्रेडच्या तुकड्याने ताटली पुसत होता. तेवढं निवांतपणे उरकून तो म्हणाला, "पातेल्याचा तळ जळलाय हे कळल्यावर तू कधी वरनं वाढलंयस का लोकांना? नाही ना? मग सकाळी जाऊन सांग."

सकाळी दिग्दर्शिका काम बघायला आली, चेहरा पाहून "अप्रतिम!" म्हणाली, आणि गारठाबाईला आणखीच कानकोंडं झालं. पण तिने मनाचा हिय्या केला.

"ताई, हा म्हातारा मी पुरा करणार नाही."

दिग्दर्शिकेचा चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "का? काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. पण हा नुसता बसलाय. आमचे उस्ताद शेवटच्या आठवड्यापर्यंत कधी नुसते बसले नाहीत. भांडायचे, पेपरातल्या चुका काढायचे, खेळताना लबाडी करायचे. हे बघून लोकांना वाईट वाटेल. आणि वाईट वाटलं की माणूस काय करतो? फोन खिशात ठेवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. तिथे जाऊन बसण्यात मजा आहे हे कळलं, तर कुणी जाईल ना?"

"मग दाखवायचं काय?"

"बुद्धिबळ," गारठाबाई म्हणाली. विचार करून नव्हे. तोंडातून निघालं आणि मग तिला पटलं. "बर्फाचा पट, बर्फाचे मोहरे. एक बाजू काचेसारखी, एक दुधी. आणि दोन खरी माणसं. खेळ संपवायचा तो वितळायच्या आत."

दिग्दर्शिकेने बाहेर जाऊन तीन फोन केले. एका फोनवर तिचा आवाज चढलेला आत ऐकू आला. परत आली तेव्हा गाल लाल झाले होते. "करू या. पण काचेसारखा बर्फ आणायचा कुठून? तीन दिवस लागतात म्हणालात. आपल्याकडे उद्याची सकाळ आहे."

गारठाबाईने म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

करवत तिने स्वतःच चालवली. आधी खांद्यावर हात ठेवला, "माफ करा हं," म्हणाली, आणि टोपीपासून सुरुवात केली. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. पण तीन दिवसांत पहिल्यांदा हात हलका चालला. टोपीतून दोन उंट निघाले, खांद्यांतून हत्ती, गुडघ्यांतून घोडे, छातीतून राजा आणि वजीर. आठ प्यादी पाठीतून. दुधी सैन्यासाठी स्वयंपाकघरातल्या साध्या लाद्या होत्याच. पट एका रुंद, पातळ लादीवर आखला आणि एकाआड एक घर टोचणीने खरवडून पांढरं केलं. मोहरे वीतभर उंच झाले. संध्याकाळ व्हायच्या आत बत्तीसच्या बत्तीस रांगेत उभे होते, आणि सगळं स्वयंपाकघर एकेक करून दारातून डोकावून गेलं. "गारठाबाई, मला एक प्यादं द्या, सरबतात टाकतो," असं म्हणणाऱ्याच्या मानेवर लगेच दोन बोटं टेकली गेली.

शूटिंग एका वाचनालयाच्या मोठ्या दालनात होतं, उंच खिडक्यांच्या. मध्ये टेबल, त्यावर पट, आणि दोन लाकडी खुर्च्या. एका खुर्चीत टपालबाई. दुसऱ्यात त्या सध्या ज्यांच्याकडे जात होत्या ते म्हातारे शिंपीकाका, वय चौऱ्याऐंशी, स्वतः शिवलेला तीन तुकड्यांचा सूट घालून आलेले. आल्या आल्या त्यांनी कॅमेरावाल्याच्या जाकिटाची शिवण उसवल्याचं सांगितलं आणि सुई-दोरा मागितला.

"मोहरे बाहेर काढल्यावर थोडा वेळ तसेच राहू द्या," गारठाबाईने बजावलं होतं. "वरचं धुकं जाऊन घाम फुटला की मग पटावर ठेवा." पण घाईत कुणीतरी दुधी घोडा पेटीतून काढून थेट पटावर मांडला. तो ओल्या पटावर जागच्या जागी गोठून बसला. शिंपीकाकांनी दुसऱ्याच खेळीला त्याला हात घातला. घोडा हलेना. त्यांनी जोर लावला, तर पटच सरकला.

"अहो, घोडा अडलाय!" ते ओरडले.

"घोडा बरोबर आहे. खेळी चुकीची आहे, म्हणून अडलाय," टपालबाई म्हणाल्या.

दिव्यांच्या उष्णतेने तासाभरात पट पाण्याने चमकू लागला. मोहऱ्यांचे कान, सोंडा, मुकुट गोलसर झाले. बोटं गारठली की शिंपीकाका ती कोटात खुपसायचे आणि तेवढ्यात डाव्या हाताने एखादं प्यादं हळूच पुढे ढकलायचे. टपालबाई ते पाहायच्या आणि काही न बोलता मागे ठेवायच्या. कुणी कुणाला संवाद दिले नव्हते. मग खरी लढाई पेटली.

"हा माझा उंट," शिंपीकाका म्हणाले.

"उंट कसला? प्यादं आहे ते. केव्हाचं."

"प्यादं इतकं उंच असतं?"

"वितळलेला उंट इतका बुटका असतो?"

"बोलवा त्यांना! ज्यांनी केलाय त्यांना बोलवा!"

दिग्दर्शिकेने हाताने खूण केली, कॅमेरा चालूच राहू दे. गारठाबाई होती तशी ओल्या एप्रनमध्ये टेबलापाशी गेली, वाकून तो मोहरा सगळ्या बाजूंनी न्याहाळला. पाण्याचा थेंब त्याच्या डोक्यावरून ओघळला. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मलाही ओळखू येत नाही." शिंपीकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला, टपालबाईंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि तेवढ्यात आपला हत्ती पुढे सरकवून शह दिला. दालनातली झाडून सगळी माणसं हसत होती. दिवे धरणाराही.

सामान आवरताना टपालबाई पायावर पाय टाकून बसल्या होत्या, लाल झालेले तळवे चोळत. गारठाबाई त्यांच्या शेजारी बसली. या वेळी तिने क्षण जाऊ दिला नाही.

"तुमचे आभार मानायचेत," ती म्हणाली. "त्या शुक्रवारी तुम्ही होतात. मी नव्हते."

टपालबाईंनी मान हलवली. "त्या दिवशी ते जिंकत होते, हो. अगदी खरेखुरे. मी मुद्दाम हरत नव्हते. 'आता तुमची पाळी,' म्हणाले, आणि मी पटाकडे बघत बसले. मान वर केली तोवर..." त्यांनी तळवे मांडीवर ठेवले. "चेहरा फार खूश होता."

गारठाबाईने डोळे एप्रनला पुसले. एप्रन ओलाच होता, काही उपयोग झाला नाही.

"तुमच्याबद्दल फार बोलायचे," टपालबाई म्हणाल्या. "म्हणायचे, तिचे हंस माझ्यापेक्षा चांगले. पण मान जरा जाड ठेवते."

"मोडू नये म्हणून!" गारठाबाई एकदम म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. चौतीस वर्षांत त्यांनी तिच्या तोंडावर तिचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. आज ते खोडीसकट पोचलं, आणि तिला वाटलं, आपण जे बोललो नाही तेही त्यांना असंच कधीतरी पोचलं असेल. दर सोमवारी दारात उभी राहणारी बाई कशासाठी येते, हे न कळायला ते काही दुधखुळे नव्हते.

फिल्म तीन मिनिटांची झाली. त्यात उंटाचं भांडण जसंच्या तसं होतं. शेवटी नुसती अक्षरं: 'खेळायला कुणीतरी हवंय.' महिनाभरात संस्थेकडे इतक्या लोकांनी नावं नोंदवली की फोन घ्यायला दोन माणसं वाढवावी लागली. त्यात शाळेचे शिक्षक होते, एक न्हावी होता, कॉलेजातल्या मुली होत्या. दिग्दर्शिकेने आपणहून फोन करून सांगितलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असतात तर मी एक सुंदर दुःखी फिल्म केली असती." मुलीनेही दुसऱ्या गावाहून फोन केला, "आई, एप्रन तरी बदलायचास!" आणि मग पलीकडे बराच वेळ ती नुसतीच नाक ओढत राहिली.

नावं नोंदवणाऱ्यांत गारठाबाईही होती. तिच्या वाट्याला एक निवृत्त बस कंडक्टर बाई आल्या, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या. पहिल्या सोमवारी त्यांनी दार अर्धवटच उघडलं.

"तुम्ही काय करता?"

"बर्फ कोरते."

"मग?"

"मग तो वितळतो."

बाईंनी तिला नखशिखान्त पाहिलं. "बरं. या. बुद्धिबळ-बिद्धिबळ मला येत नाही, आधीच सांगते. अक्षर कसंय तुमचं?"

अक्षर बरं होतं. मग दोघींनी मिळून इमारतीच्या बंद पडलेल्या लिफ्टबद्दल तक्रारअर्ज लिहिला. पहिला फारच नरम झाला म्हणून बाईंनी फाडला. दुसऱ्यात शिव्या होत्या म्हणून गारठाबाईने फाडला. तिसरा दोघींना पसंत पडला. तो पाकिटात घालून, बाईंच्या हातचा चहा पिऊन ती चार मजले उतरली, आणि घरी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय केलंत मग दोन तास?"

"भांडलो," ती चपला काढत म्हणाली. "पुढच्या सोमवारी उत्तर आलं नाही, तर आणखी एक लिहायचाय."